न्यायी देव, दयाळू देव: योना आणि नहूम सोबत वाचताना पडणारे प्रश्न

आमच्या गुरुवारच्या अभ्यासवर्गात एकदा बायबलातली योना आणि नहूम या संदेष्ट्यांची दोन पुस्तके पाठोपाठ वाचायला घेतली. दुसऱ्या आठवड्यापासून वचने कमी आणि प्रश्न जास्त होऊ लागले. काही प्रश्न वर्गात विचारले गेले, काही चहाच्या वेळी हळूच. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

देवाचा न्याय आणि दया हा विषय अख्ख्या बायबलभर आहे. मग ही दोनच छोटी पुस्तके का?

कारण शहर एकच, देव एकच, पण निकाल दोन. योनाच्या पुस्तकात निनवेला माफी मिळते, नहूमच्या पुस्तकात तेच निनवे बेचिराख होते. दोन्ही मिळून सात अध्याय आहेत. सावकाश वाचले तरी अर्ध्या तासात संपतात. ख्रिस्ती बायबलात त्यांच्यामध्ये फक्त मीखाचे पुस्तक येते. म्हणजे ज्यांनी हा क्रम लावला त्यांना हा विरोध दिसत होता आणि तो झाकावासा वाटला नाही. शिवाय दोन्ही पुस्तके निर्गमाच्या पुस्तकातल्या एकाच वाक्यावर उभी आहेत, त्याबद्दल पुढे सविस्तर.

निनवे खरेच इतके वाईट होते का?

आजच्या इराकमध्ये, मोसुल शहरालगत, तैग्रिस नदीच्या पूर्व काठावर निनवेचे, म्हणजे असिरियन साम्राज्याच्या राजधानीचे, अवशेष आहेत. १८४० च्या दशकात ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी तिथे सन्हेरीब राजाचा राजवाडा खणून काढला. त्यातल्या एका दालनाच्या भिंती इ.स.पू. ७०१ च्या एका मोहिमेच्या शिल्पांनी भरलेल्या होत्या. यहूदाच्या राज्यातले लाखीश शहर कसे जिंकले, त्याची ही चित्रे. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

त्यांत तटाला भिडलेली लाकडी यंत्रे आहेत, बैलगाडीवर बोचकी आणि पोरेबाळे घेऊन निघालेली कुटुंबे आहेत. सुळावर चढवलेली माणसे आहेत, आणि जमिनीवर हातपाय ताणून कातडी सोलली जाणारी माणसेही. शत्रूने बदनामीसाठी काढलेली ही चित्रे नव्हेत. राजाने स्वतःच्या घरात अभिमानाने कोरून घेतली होती. त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी याच साम्राज्याने शोमरोन घेऊन उत्तरेचे इस्राएलचे राज्य संपवले होते.

हे डोळ्यांपुढे नसेल तर योनाची गोष्ट त्याला समुद्रात गिळणाऱ्या माशाची गोष्ट होऊन बसते. संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनी तो मासा रंगवलेला आहे. खरे तर माशाचा उल्लेख जेमतेम तीन वचनांत आहे. पुस्तक आहे ते योनाच्या रागाचे.

निनवेला जाऊन इशारा दे असे देवाने सांगितले, तर योना जहाजाने उलट दिशेला तार्शीशकडे निघाला. तो घाबरून पळाला, असेच ना?

नाही. तो स्वतःच चौथ्या अध्यायात कारण सांगतो, आणि ते वाचून मला दरवेळी थोडे ओशाळल्यासारखे होते. मी तार्शीशला पळालो, तो म्हणतो, कारण तू दयाळू, कृपाळू, मंदक्रोध आणि दयेने भरलेला देव आहेस हे मला ठाऊक होते. त्याला भीती निनवेची नव्हती. देव त्यांना सोडून देईल, ही भीती होती.

‘मंदक्रोध’ या शब्दावर जरा थांबा. मूळ हिब्रू शब्दप्रयोगाचा अक्षरशः अर्थ होतो ‘लांब नाकाचा’. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. ज्या भाषेत राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, त्या भाषेच्या माणसाला हे समजवावे लागत नाही. देवाचे नाक लांब, म्हणून राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पण पोचतच नाही असे मात्र त्यात म्हटलेले नाही.

हे ‘दयाळू, कृपाळू, मंदक्रोध’ वाक्य आले कुठून?

निर्गम ३४:६-७ मधून. लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजल्याचे प्रकरण नुकतेच घडलेले आहे, मोशेने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडलेल्या आहेत, आणि दुसऱ्या पाट्या घेऊन तो पुन्हा डोंगरावर गेला आहे. तिथे देव स्वतःची ओळख स्वतःच करून देतो. या ओळखीचे दोन भाग आहेत. पहिला: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हजारोंवर दया करणारा, अन्याय आणि पाप यांची क्षमा करणारा. दुसरा: पण दोषी माणसाला मुळीच निर्दोष न ठरवणारा, बापाच्या अन्यायाबद्दल मुलांना, नातवंडांना, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाब विचारणारा.

आता योना ४:२ उघडा. योना पहिला भाग म्हणतो, आणि जिथे ‘दोषी माणसाला सोडत नाही’ यायला हवे तिथे ‘अरिष्ट आणण्याविषयी मन बदलणारा’ असे म्हणून थांबतो. मग नहूम १:३ उघडा. नहूम ‘मंदक्रोध’ ठेवतो, त्यापुढच्या ‘दयेने थोर’ या जागी ‘सामर्थ्याने थोर’ आणतो, आणि योनाने गाळलेला तुकडा नेमका उचलतो: दोषीला तो मुळीच सोडणार नाही. एकच वाक्य दोघांनी दोन ठिकाणी तोडले. दोन्ही पाने समोरासमोर ठेवून पेन्सिलने खुणा करून पाहा. हे मी सांगण्यापेक्षा तुमच्या हाताने झालेले बरे.

वाक्य तोडण्याची ही रीत पुढेही चालली. यहुदी प्रार्थनेत ही देवाची विशेषणे म्हटली जातात तेव्हा शेवटचा शब्द असा तोडतात की अर्थच फिरतो. हिब्रूत तिथे क्रियापद दोनदा येते, ‘नक्के लो येनक्के’, म्हणजे निर्दोष असे तो ठरवणारच नाही. प्रार्थना पहिल्या ‘नक्के’वर थांबते. उरते ते ‘निर्दोष ठरवणारा’. तोडणाऱ्यांना पुढचा शब्द पाठ नव्हता असे कोण म्हणेल?

मग खरा देव कोणाचा, योनाचा की नहूमचा?

हा प्रश्न विचारताना आपण कुठे बसलो आहोत, ते आधी पाहू.

मराठीत ‘न्याय’ हा शब्द ऐकून कोणाचा थरकाप होत नाही. ‘न्याय मिळाला’ म्हणताना माणूस सुटकेचा श्वास सोडतो. जमिनीच्या वादात वीस वर्षे कोर्टाचे हेलपाटे घालणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा, न्यायाचा दिवस त्याला हवा आहे की नको. पण चर्चमध्ये ‘न्यायाचा दिवस’ म्हटले की आपण सगळे आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहतो. स्तोत्र ९६ मध्ये तसे नाही. देव न्याय करायला येतो आहे म्हणून तिथे शेते उल्हासतात आणि वनातली झाडे आनंदाने गातात.

नहूम लिहितो आहे तो फिर्यादीच्या बाजूच्या माणसांसाठी. लाखीशच्या भिंतीवर जे कोरलेले आहेत त्यांच्या नातवंडांसाठी, पतवंडांसाठी. त्यांच्या कानी निनवेचा नाश म्हणजे न्याय मिळाला, एवढेच. नहूम या नावाचा अर्थ ‘सांत्वन’, आणि तो उपरोध नाही.

योनाचे पुस्तक मात्र त्याच माणसांना बाकावरून उठवून दुसरीकडे नेते. वेशीबाहेर मांडवाखाली बसून शहर जळताना पाहायला आलेल्या योनाला देव एका झाडाची सावली देतो आणि दुसऱ्या दिवशी ती काढून घेतो. झाड वाळले म्हणून योना मरण मागतो. देव विचारतो: ज्यासाठी तू कष्ट केले नाहीस त्या झाडाची तुला एवढी कीव, मग डावाउजवा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या या शहराची मी कीव करू नये काय?

हे पुस्तक प्रश्नावर संपते. नहूमचेही पुस्तक प्रश्नावरच संपते: तुझ्या सततच्या दुष्टपणाचा मार कोणाला बसला नाही? मला वाटते, दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि एकाचे उत्तर देऊन दुसरा मिटत नाही. ज्याने मार खाल्ला आहे त्याला आधी नहूम वाचून दाखवावा. ज्याला शत्रू जळताना बघायची सवय लागली आहे त्याला योना. आपल्यातले बरेचजण सोमवारी पहिले असतात आणि गुरुवारपर्यंत दुसरे होतात.

चाळीस दिवसांत नाश होईल म्हटले आणि केला नाही. देवाने शब्द फिरवला का?

यिर्मया १८ मध्ये कुंभाराच्या चाकाजवळ याचे सरळ उत्तर आहे. एखाद्या राष्ट्राला मोडीन असे मी म्हटले आणि ते वळले, तर मीही वळेन. बांधीन म्हटले आणि ते बिघडले, तरीही तसेच. म्हणजे इशारा हा पंचांगातला योग नव्हे. तो ऐकणाऱ्याने काही करावे म्हणूनच दिलेला असतो.

भाषेची एक गंमतही आहे. योनाचा निनवेतला संदेश हिब्रूत फक्त पाच शब्दांचा. त्यातले शेवटचे क्रियापद सदोम शहराच्या नाशासाठी वापरलेले तेच आहे, ‘उलथणे’. पण त्याच धातूचा अर्थ ‘पालटणे’ असाही होतो. चाळीस दिवसांत निनवे पालटेल. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, गुराढोरांनाही गोणपाट नेसवले. तसे पाहिले तर योनाचे भविष्य खरेच ठरले. त्याला हव्या त्या अर्थाने नव्हे.

माफी मिळाली, तर पुढे नाश झालाच कसा?

इ.स.पू. ६१२ मध्ये मेदी आणि बाबेली सैन्यांनी निनवे पाडले. नहूमच्या तिसऱ्या अध्यायात नो-आमोन, म्हणजे इजिप्तमधले थीब्ज, पडल्याचा उल्लेख आहे. ते असिरियन सैन्यानेच इ.स.पू. ६६३ च्या सुमारास लुटले होते. म्हणजे नहूमचा काळ या दोन तारखांमधला. २ राजे १४:२५ मधला अमित्तयपुत्र योना दुसऱ्या यराबामच्या काळचा, इ.स.पू. आठव्या शतकातला. मध्ये कित्येक पिढ्या गेल्या. आजोबांच्या पश्चात्तापावर नातवांनी सुळ उभारावेत आणि हिशेब होऊ नये, असा करार देवाने कुठे केलेला नाही.

योनाची गोष्ट जशी घडली तशी लिहिली आहे की ती बोधकथा आहे, यावर ख्रिस्ती मंडळींतच दोन मते आहेत. निनवेने असा पश्चात्ताप केल्याची नोंद असिरियन लेखांत सापडलेली नाही. आमच्या वर्गातही यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. माझे म्हणणे एवढेच की देवाचा शेवटचा प्रश्न दोन्ही गटांना सारखाच विचारलेला आहे.

बापाच्या पापासाठी नातवाला शिक्षा? हा कुठला न्याय?

हा प्रश्न बायबलमधल्या माणसांनीही विचारला होता. ‘बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ ही त्यांची म्हणच होती. यहेज्केल १८ ती म्हण मोडून काढतो: जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही. अनुवाद २४:१६ मध्येही कायदा तोच आहे.

मग निर्गममधले वाक्य काय सांगते? दोन गोष्टी. एक, आकड्यांचे प्रमाण. एका पारड्यात तीन-चार पिढ्या, दुसऱ्या पारड्यात हजारो. दुसरे, तीन-चार पिढ्या म्हणजे त्या काळी एका छपराखाली राहणारे घर. बापाच्या व्यसनाचे, कर्जाचे, हिंसेचे परिणाम त्या घरात पणतवंडांपर्यंत पोचतात, हे गावाकडच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पण हे वचन कोणावर फेकायचे नसते. एका प्रार्थनासभेत, आजारी लेकरू मांडीवर घेतलेल्या एका आईला, ‘घराण्यात कोणी पाप केले होते ते आठवा’ असे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. ती नंतर वर्षभर चर्चला आली नाही. योहान ९ मध्ये शिष्य जन्मांध माणसाविषयी हाच प्रश्न विचारतात, पाप याने केले की याच्या आईबापांनी? येशूचे उत्तर एका ओळीचे आहे: याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. आईला वचनच द्यायचे होते तर हे द्यायचे.

जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, एवढे म्हटले की झाले ना?

असे म्हणणारा पहिला नामांकित माणूस मार्कियन. त्याने दोन वेगळे देवच मानले आणि इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. तरी त्याचे मत दर रविवारी कुठल्या ना कुठल्या बाकावर बसलेले असते.

होशेय ११ वाचा. ज्याला चालायला शिकवले ते लेकरू सोडवत नाही म्हणून कासावीस झालेला देव तिथे आहे, जुन्या करारात. आणि मत्तय १८ वाचा. राजा एका चाकराचे दहा हजार तालांत माफ करतो. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. हिशेब करा: सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षे. हा सुटलेला माणूस दाराबाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. मग राजा माफी रद्द करून त्याला तुरुंगवाल्यांच्या हाती देतो. ही गोष्ट येशूने सांगितलेली आहे. दया आणि न्याय तिथे एकाच राजाच्या तोंडी, एकाच दिवशी आहेत.

निनवेबद्दल तर येशूने आणखी एक चिमटा काढून ठेवला आहे. मत्तय १२:४१: न्यायाच्या दिवशी निनवेचे लोक उभे राहून या पिढीला दोषी ठरवतील. ज्यांना माफी मिळाली तेच साक्षीला येणार.

यहोशवाच्या पुस्तकात देवाच्या आज्ञेने इस्राएल लोकांनी केलेला यरीहो शहराचा, कनानी लोकांचा बायकामुलांसकट संहार: हे यात कुठे बसते?

बसत नाही. निदान माझ्या हातून तरी बसत नाही. यरीहोतली राहाब वाचली, तह करून गिबोनी लोक वाचले, युद्धवर्णनांत त्या काळची अतिशयोक्ती असते, हे सगळे खरे आणि उपयोगाचे. तरी यहोशवा ६ वाचून झाल्यावर घशात काहीतरी अडकून राहते. ज्याला अडकत नाही त्याच्यापासून मी जरा लांब बसतो.

शाप देणारी स्तोत्रे प्रार्थनेत म्हणावीत का?

कॅथलिक चर्चने १९७१ च्या नव्या प्रार्थनाग्रंथात ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण गाळली. काही स्तोत्रांतली मोजकी वचनेही वगळली, १३७ व्या स्तोत्राचा शेवट त्यांतलाच. गाळण्यामागची अडचण समजते. सकाळी सकाळी समूहाने शत्रूच्या लेकरांचा नाश मागायचा म्हणजे अवघडच.

तरी मला ती ठेवावीशी वाटतात. ज्याचे घर जळले आहे तो शिव्या देणारच. त्या देवापुढे दिल्या की निदान हातातली काठी खाली राहते. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो, सूड तुम्ही घेऊ नका, देवाच्या रागाला वाट द्या. देवाला राग येतच नाही असे ठरवले, तर सूड घ्यायचे काम पुन्हा आपल्याकडेच येते.

‘दया’ या शब्दामागे मूळ शब्द कोणते?

मुख्यतः दोन. ‘हेसेद’ म्हणजे नात्याला जागणे, दिलेला शब्द समोरच्याने मोडला तरी आपण न मोडणे. आणि ‘रहमीम’, जो ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी जोडलेला आहे. आपण ‘अपराध पोटात घाल’ म्हणतो, त्याच जागेवरून हिब्रूनेही शब्द उचलला. पंडिता रमाबाईंनी केडगावला शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले, ते बायाबापड्यांना असे शब्द थेट कळावेत म्हणूनच. जमले तर दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवून वाचा. जिथे एकाने ‘दया’ आणि दुसऱ्याने ‘वात्सल्य’ लिहिले असेल तिथे थांबा.

ख्रिस्ती माणसासाठी हे सगळे क्रूसावर सुटत नाही का?

पौल तसे म्हणतो. रोमकरांस ३:२६ मध्ये देव स्वतः न्यायी राहून विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतो. पण रागावलेला बाप आणि मध्ये पडून मार खाणारा मुलगा, असे चित्र रंगवून उपदेश केला की मार्कियन मागच्या दाराने आत आलाच. पौलाच्या मांडणीत ख्रिस्ताला पुढे ठेवणारा देवच आहे.

यहुदी लोक योना केव्हा वाचतात?

प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पुरला, दुपारच्या प्रार्थनेत, दिवसभराच्या उपासाने जीभ कोरडी पडलेली असताना. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी मंडळींत या दिवसाचे जुने मराठी नाव ‘दारफाळणीचा सण’, कारण पांढरे कपडे घालून, दारे लावून घरात बसायचे. त्यांचे मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मांडवी भागात बांधले. त्याचे नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. रहमीम शब्द तोच, वर आलेला.

सुरियानी परंपरेच्या ख्रिस्ती मंडळींत निनवेचा तीन दिवसांचा उपास असतो. मुंबई-पुण्यात या परंपरेचे मलयाळी शेजारी असतील तर ईस्टरआधीच्या मोठ्या उपासकाळाच्या सुमारे तीन आठवडे आधी विचारून पाहा.

सिनेगॉगमध्ये योनाचे वाचन देवाच्या त्या प्रश्नावर थांबवत नाहीत. लगेच मीखाची शेवटची तीन वचने जोडून वाचतात. त्यांत देव लोकांची सगळी पापे समुद्राच्या तळाशी टाकतो. योना जिथे जाऊन आला होता, तिथेच.